तंबूभर वाचलेली पत्रं

छावणी
९ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार शेवटी करीन, आधी तक्रार ऐक. तुझ्या मागच्या पत्रामुळे माझं नाव गेलं. पत्राच्या डोक्यावरच तू 'प्रिय ढब्बू' लिहिलंस आणि मी ते भर तंबूत मोठ्याने वाचलं. वाचल्यावर जीभ चावली, पण काय उपयोग? आता कवायतीच्या रांगेतसुद्धा मागून कोणीतरी हळूच म्हणतं, "ढब्बू, पोट आत." इथल्या जेवणाने पोट केव्हाच पाठीला लागलंय, ते आणखी कुठे आत घेऊ?

मोठ्याने वाचलंच कशाला, असं विचारशील. आमच्या तंबूचा तो रिवाज आहे. टपाल आलं की जेवणं उरकून सगळे मधल्या शेगडीभोवती बसतात, आणि ज्याचं पत्र आलं असेल त्याने ते सगळ्यांना वाचून दाखवायचं. बायकोचं असेल तर दोन ओळी गाळायची मुभा आहे. तिसरी गाळली की आरडाओरडा होतो. ज्याला पत्र नाही त्यानेही कोणाच्या तरी घरचं ऐकून झोपावं, हा त्यामागचा हेतू. नियम केला आमच्या मास्तरांनी. खरोखरीचे शाळामास्तर आहेत, लढाई लागली तसे भरती झाले. त्यांना पत्र लिहिणारं कोणीच नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

बाकीच्यांची पत्रं काय सांगू. लंबू म्हणून माझा दोस्त आहे, त्याला सातवा महिना लागलेली बायको आहे आणि ती पत्रात फक्त गळक्या छपराबद्दल लिहिते. छप्पर आम्हा सगळ्यांना पाठ झालंय. त्यात तुझं पत्र आलं. त्या बँकेच्या साहेबाने स्वतः पंपाला हात लावला म्हणून बाबांनी त्याची सायकल हवा न भरताच परत पाठवली, 'हवा डोळ्यांनी नाही, अंगठ्याने कळते' असं वर सुनावलं, हे वाचलं आणि तंबू लोळायचा बाकी राहिला. काय झालं ते बघायला आचारी डाव हातात घेऊन आला, तो तिथेच बसला.

माझं काम पाण्याचं. सकाळी शिट्टी झाली की नदीवर जायचं, पंपाने टाकी भरायची, त्यात औषध घालायचं, मग टँकरने स्वयंपाकघर, दवाखाना, साहेबांचे तंबू, असं फिरायचं. इंजिन थंडीने रुसलं की हाताने पंप मारावा लागतो, आणि ते रोजच रुसतं. 'तुझा जन्म पंप मारण्यातच जाणार' असं बाबा म्हणायचे. त्यांना सांग, खरं झालं.

पुढच्या पत्रात बाबा आणि घड्याळकाकांचं भांडण कुठवर आलं ते सविस्तर लिही. जनतेची मागणी आहे.

तुझा, आता सगळ्यांचाच,
ढब्बू

•

घर
२४ नोव्हेंबर

प्रिय ढब्बू, आणि शेगडीभोवतीची मंडळी,

आता एवढे लोक ऐकणार म्हटल्यावर मी अक्षर नीट काढतेय. ज्यांना आमची गल्ली माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान खाली, आम्ही वर. समोर घड्याळकाकांचं दुकान. दोघांची दारं समोरासमोर असल्यामुळे दिवसभर एकमेकांचं तोंड बघावं लागतं, आणि भांडणाला तेवढं कारण पुरतं.

तर झालं असं. घड्याळकाकांनी सायकल दुरुस्तीला टाकली. बाबांनी ब्रेक आवळले, साखळीला तेल दिलं, आणि घंटा काढून ठेवली. काका विचारायला आले तर म्हणाले, "तुझ्या दुकानात दिवसभर एवढी टणटण चालते, तुला वेगळी घंटा कशाला?" काका घंटेशिवायच सायकल घेऊन गेले. चार दिवसांनी बाबांनी हातातलं घड्याळ त्यांच्याकडे टाकलं. परत आलं ते झकास चालत होतं, फक्त मिनिटकाटा नव्हता. "तू कुठे कधी वेळेवर असतोस? तुला तासकाटा पुष्कळ झाला." घंटा अजून आमच्या ड्रॉवरात आहे आणि काटा त्यांच्या. गल्ली वाट बघतेय.

मी शिवणाच्या कारखान्यातच आहे. आता सगळं सैन्याचंच काम. माझ्या टेबलावर फक्त खिसे येतात. तुमच्यापैकी कोणाच्या सदऱ्याचा खिसा वाकडा असेल तर तो त्या दिवशीचा, ज्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या बाईने मला बोलण्यात गुंतवलं.

एक सांगायचं होतं. परवा बाबांना दुकानात चक्कर आली. उजवा हात जड वाटतो म्हणाले, पाना हातातून दोनदा निसटला. बोलताना मधेच एखादा शब्द सापडत नाही. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब आहे, विश्रांती घ्या. बाबा आणि विश्रांती, तुला माहीतच आहे. घाबरण्यासारखं नाही, पण तुला कळवायला हवं असं वाटलं.

मी पाठवलेले मोजे वापर. जपून ठेवू नकोस.

ताई

•

छावणी
११ डिसेंबर

ताई,

मिनिटकाट्यावर तंबू इतका हसला की शेजारच्या तंबूतून निरोप आला, जरा हळू. मी आपला पुढे काय आहे ते न बघता वाचत गेलो, आणि 'एक सांगायचं होतं' वर आलो. तिथे थांबता आलं नाही. ओळ गाळायची मुभा फक्त बायकोच्या पत्राला आहे.

वाचून झालं आणि शेगडीभोवतीचे सगळे लवकरच पांगले. मग एकेकाला आपापलं घर आठवायला लागलं. लंबू रात्रभर कुशी बदलत होता. आचाऱ्याने सकाळच्या चहात साखर म्हणून मीठ घातलं आणि कोणी त्याला बोललंही नाही. हे मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. पण इथे काय आहे ते तुला कळावं. पुढच्या ठाण्यावर गाड्या जातात आणि परत येतात. परत येताना काय घेऊन येतात ते लिहिलं तर पत्रं तपासणारे साहेब त्यावर शाई फासतील. त्या गाड्या धुवायला पाणी माझ्याच टँकरचं लागतं, एवढ्यावर समज. बाकीचा वेळ खड्डे खणणं, वाळूची पोती भरणं, ओले बूट शेगडीपाशी धरून बसणं. बूट आतून कधीच सुकत नाहीत. ओले बूट घालून दिवस सुरू करायचा आणि ओल्याच पायांनी झोपायचं.

तेव्हा एक विनंती आहे. जमलं तर हसरंच लिही. तुझ्या पत्रावर आम्ही जगतो असं म्हटलं तर जास्त होईल, पण त्या दिवशी सगळे झोपतात हे खरं आहे. बाबांची चक्कर मी ओळखतो. दुपारचं जेवण टाळून चाकाशी झटत बसले असणार. चार दिवस वेळेवर वाढ, पुन्हा ओरडायला लागतील. तुला लहानपणापासून राईचा पर्वत करायची सवय आहे, मला पडसं झालं तरी तू रडायचीस.

घंटेचं काय झालं ते लिही. मास्तर पैज लावून बसलेत.

ढब्बू

•

घर
२ जानेवारी

प्रिय ढब्बू आणि मंडळी,

मास्तर पैज हरले. घंटा अजून दिलेली नाही, उलट बाबांनी ती आपल्याच सायकलला लावली आहे आणि काकांच्या दारावरून जाताना मुद्दाम वाजवतात. जित्याची खोड.

नवीन गंमत डॉक्टरांची. ते बाबांना तपासायला घरी आले ते सायकलवरून. बाबा खाली फळीवर बसले होते. डॉक्टरांनी हात पुढे केला तर बाबा म्हणतात, "माझी नाडी राहू द्या, तुमच्या पुढच्या चाकाची बघा. डुगडुगतंय ते. आधी त्याला झोपवा, मग मला." आणि खरंच, सायकल उलटी केली, चाक फिरवून बघितलं, तारा आवळल्या. डॉक्टर बिचारे पिशवी मांडीवर घेऊन तासभर बसून राहिले. तोवर तीन पेशंट त्यांना शोधत गल्लीत आले. बाबांनी त्यांच्याही सायकली बघितल्या. शेवटी डॉक्टरांनी सगळ्यांना तिथेच तपासलं, आणि घड्याळकाका समोरून ओरडले, "दुकानाची पाटी बदल, दवाखाना लिही." त्यावर बाबा काय म्हणाले ते बायामाणसांनी लिहिण्यासारखं नाही. मंडळींनी आपापल्या कल्पनेने भरून घ्यावं.

बाकी सगळं नेहमीसारखं आहे.

रजेचा विषय निघाला तर सोडू नकोस. पाळी लागली की सरळ ये. बाबा काही म्हणालेले नाहीत, मलाच वाटतं म्हणून लिहिते. ही ओळ वाचून दाखवली नाहीस तरी चालेल.

ताई

•

छावणी
२३ जानेवारी

ताई,

आधी ती ओळ मी वाचली नाही, हे सांगतो. पहिल्यांदाच नियम मोडला. डॉक्टरांची गोष्ट मात्र तीन वेळा वाचावी लागली. आचाऱ्याने ती स्वयंपाकघरात सांगितली, तिथून ती दवाखान्यात गेली, आणि तिथल्या डॉक्टरने आमच्या टँकरच्या चाकाकडे बघून मला विचारलं, "हे झोपवायचं का?" बाबांना छावणीत सगळे ओळखतात. साहेबांना एवढे ओळखत नसतील.

आता मोठी बातमी. या महिन्यात आमच्या तुकडीला एकच रजा मिळाली आणि पाळी माझी होती. ताई, रागावू नकोस, ती मी लंबूला दिली. त्याला मुलगी झाली. बायको बाळंतपणात फार आजारी पडली, अजून उठलेली नाही, असं तिच्या भावाचं पत्र आलं. ते पत्र लंबूला वाचवेना, मास्तरांनी वाचलं. छपराबद्दल त्यात एक शब्द नव्हता, तेव्हाच आम्ही समजलो. सकाळी मी साहेबांकडे जाऊन नाव बदलून आलो. तुझी ओळ मनात होती, नव्हती असं नाही. पण त्याच पानावर बाबा डॉक्टरांची सायकल उलटी करून बसले होते. ज्याच्या घरी दुखणं आहे त्याने आधी जावं, हे बाबाही म्हणाले असते. माझी पाळी उन्हाळ्यात पुन्हा लागेल.

लंबूची गाडी आपल्या गावी बदलते. मधे अर्धा दिवस मिळतो, तेवढ्यात तो घरी येणार आहे. त्याला बाबांना डोळ्यांनी बघायचंय. तो म्हणतो, बायकोमुलीनंतर जगात तीच एक इच्छा आहे. मास्तरांनी बाबांसाठी लोकरीची टोपी विणून दिली आहे. ती थोडी तिरकी झालीय, पण बाबा ती नावं ठेवत का होईना घालतील. त्यांना सांग, दोन शिव्या राखून ठेवा, नाहीतर लंबू खरे बाबा म्हणून मानणार नाही.

ढब्बू

•

घर
९ फेब्रुवारी

ढब्बू,

हे पत्र टपालाने पाठवत नाही, लंबूच्या हाती देतेय. एकट्याने वाच.

तुझं पत्र आणि तुझा लंबू एकाच दिवशी आले. तो आधी दुकानापाशी थांबला. दुकान उघडं होतं, आत कोणी नव्हतं. बाबा चहाला गेले असतील म्हणून तो बराच वेळ फळीवर बसून राहिला. समोरून घड्याळकाकांनी त्याला बघितलं, त्याचा गणवेश बघितला आणि हाताला धरून वर आणलं.

बाबा अंथरुणाला खिळले आहेत. डिसेंबरच्या मध्यावर दुसरा झटका आला, त्यात उजवं अंग गेलं, वाचा गेली. भरवावं लागतं. माणसं ओळखतात, असं मला वाटतं. डॉक्टर डोकं हलवतात.

तुझं 'हसरंच लिही' हे पत्र त्याच आठवड्यात आलं. मी तुला खरं लिहायला बसले होते, कागदावर दोन ओळी झाल्या होत्या. तुझं पत्र वाचलं आणि पुढे लिहिता येईना. एवढी माणसं त्या दिवशी झोपतात, त्यांची झोप मी कशी उडवू? आज नको, चार दिवसांनी थोडे सुधारले की लिहीन, असं म्हणत राहिले. ते सुधारले नाहीत. डॉक्टरांची ती गोष्ट सगळी खोटी. डॉक्टर आले, तपासून गेले, सायकलकडे कोणी बघितलंही नाही. आणखी एक सांगते, म्हणजे तुला माझी पुरती ओळख पटेल. खोटं लिहिताना मला बरं वाटायला लागलं होतं. तेवढा वेळ बाबा पुन्हा खाली फळीवर बसलेले असायचे. पत्र संपलं की मी वर जाऊन त्यांची चादर बदलायची.

रजेची ती एक ओळ लिहिली आणि सगळा भार तिच्यावर टाकून मोकळी झाले. वाटलं, तू समजशील. वर पानभर हसवून ठेवल्यावर कोण समजणार होतं?

लंबू त्यांच्या उशाशी बसला. बाबांनी डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि अंगठा दाबून दाबून बघायला लागले, टायर बघतात तसं. त्या एवढ्या उंच माणसाला रडू आवरेना. बाहेर येऊन मला म्हणाला, "ताई, ही रजा त्याची होती. तुम्ही एक शब्द लिहिला असतात तर मी घेतली नसती." तो म्हणतो, घरी एक दिवस थांबून मुलीचं तोंड बघतो आणि परत फिरतो, उरलेली रजा तुझ्या नावावर करायला साहेबांच्या पाया पडतो. मी त्याला अडवलं नाही. त्याची बायकोही आजारी आहे हे मला माहीत असून अडवलं नाही.

ज्या घड्याळकाकांना आम्ही सगळ्यांनी मिळून पत्रातला विदूषक केलं, ते रोज सकाळी येऊन बाबांची दाढी करतात. त्याआधी खाली बाबांच्या दुकानाचं शटर वर करतात. तो आवाज ऐकला नाही तर बाबा दिवसभर अस्वस्थ असतात. संध्याकाळी तेच ओढतात. पत्रांचं मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "हसू दे पोरांना. मिनिटकाट्याची गोष्ट तर खरीच होती."

टोपी बाबांना घातली आहे. तू ये. कसंही करून ये.

ताई

•

छावणी
२० फेब्रुवारी

ताई,

लंबू परत आला. मुलीला एक रात्र मांडीवर घेऊन परत आला. आम्ही दोघं तसेच साहेबांकडे गेलो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, माणूस वाईट नाही. पण आदल्याच दिवशी हुकूम आला आहे, सगळ्या रजा बंद. छावणी पुढे हलणार. "काल आला असतास तर," असं ते म्हणाले आणि मग आमच्याकडे बघेनात.

तू मला फसवलंस, असं मी आधी लिहिलं होतं. तो कागद फाडला, कारण हसरं लिही असं मीच सांगितलं होतं, तुला राईचा पर्वत करणारी म्हणालो होतो, तेही मीच. पण राग जात नाही. मी मागितलं म्हणून तू काहीही देशील का? मी तिथे नव्हतो, मला दिसत नव्हतं. तू तिथे होतीस. एक ओळ, ताई. 'बाबांना बोलता येत नाही.' एवढी चार शब्दांची ओळ लिहिली असतीस तर मी चालत आलो असतो.

आणि मी तरी काय केलं? चक्कर, जड हात, न सापडणारा शब्द, सगळं तू नोव्हेंबरातच लिहिलं होतंस. मी ते चहातल्या मिठासारखं गिळून टाकलं, कारण मला पुढची गंमत हवी होती.

तंबूत कोणाला सांगितलेलं नाही. लंबूने सगळ्यांना सांगितलं, बाबा अगदी पत्रातल्यासारखेच आहेत, दोन शिव्या दिल्या, टोपीला नावं ठेवली. तो माझ्याकडे बघून सांगत होता. मी मान हलवली.

त्यांना ऐकू येतं ना? कानाशी जाऊन सांग. काय सांगायचं ते मला सुचत नाही. मी इथे काय करतो ते सांगून काय होणार. एवढंच सांग, की मी निघालोय.

ढब्बू

•

घर
३ मार्च

ढब्बू,

बाबा परवा सकाळी गेले. घड्याळकाका दाढी करत होते. अर्धी झाली होती, ती त्यांनी पुरी केली आणि मग मला हाक मारली.

तुझा निरोप मी सांगितला होता. तू निघालास, असं कानाशी म्हटलं. त्यांना कळलं, याबद्दल मला शंका नाही. दोन दिवस ते दाराकडेच बघत होते. जिन्यावर पाऊल वाजलं की मान वळवायचे. सांगितलं ते बरं केलं की वाईट, मला ठरवता येत नाही. तू सांग म्हणालास म्हणून सांगितलं.

मी लिहायला हवं होतं. मला दुसरं काही सुचत नाही, रोज उठून तेवढंच सुचतं.

ताई

•

नवीन छावणी
२२ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. कसं मिळालं ते सांगतो, म्हणजे मी काय केलं ते तुला कळेल.

आम्ही पुढे हललो तेव्हापासून टपाल बंद होतं. इथे नदी नाही, पाणी लांबून आणावं लागतं. गेल्या आठवड्यात आमच्या तंबूतले दोघं गाडीबरोबर पुढे गेले, ते आलेले नाहीत. त्यांची अंथरुणं मास्तर रोज सकाळी झटकून पुन्हा घालतात. चार दिवसांपूर्वी एकदाची टपालाची गाडी आली. आमच्या तंबूला एकच पत्र होतं, माझं. आचाऱ्याने ते दुरून बघितलं आणि ओरडला, "ताईंचं आलं." जेवण कोणी नीट केलंच नाही, सगळे आधीच शेगडीभोवती येऊन बसले. आजारी होता तोही घोंगडी ओढून बसला.

मी पाकीट फोडलं. एवढासा मजकूर, एका नजरेत वाचून झाला. वर बघितलं तर सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, हसायची तयारी करून.

मी वाचायला लागलो. "प्रिय ढब्बू आणि मंडळी," म्हटलं, आणि पुढे आपोआप येत गेलं. म्हटलं, रजा बंद झाल्याचं बाबांना कळलं, तेव्हा ते म्हणाले, "सरकार त्याला सोडत नाही ना? मग मीच जातो." सायकलला तेल दिलं, पंप कमरेला बांधला. घड्याळकाका आडवे आले तर त्यांना म्हणाले, "बस मागे, वाटेत वेळ कोण सांगणार?" दोघं निघालेत. चढावर काका उतरून ढकलतात, उतारावर दोघं भांडतात. वाटेत दिसेल त्याच्या चाकात हवा भरतात, म्हणून वेळ लागतोय.

तंबू हसला, ताई. कितीतरी दिवसांनी हसला. घोंगडीतला खोकत खोकत हसला. माझ्या हातात एकच कागद होता आणि मी चांगली चार पानं वाचली, मास्तरांच्या ते लक्षात आलं असणार. ते हसले नाहीत, पण थांब असंही म्हणाले नाहीत. लंबू मधेच उठून बाहेर गेला. मी नंतर बघितलं तर टाकीला टेकून उभा होता, तोंड पुसत.

तू ते कसं लिहीत होतीस, हे मला आता ठाऊक झालंय. वाचता वाचता मलाही बरं वाटत होतं, तेही तुला सांगतो. तेव्हा तुझ्यावर रागवायची सोय आता राहिली नाही, आणि राग गेल्यावर मागे जे उरलंय त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. मी यायला हवं होतं. पाळी माझी होती, पाय धड होते, वाटही सुरू होती. लंबूला रजा दिल्याचं दुःख नाही, त्याच्या मुलीने त्याला एक रात्र तरी बघितलं. पण मी तुला एकदा सरळ विचारू शकलो असतो, बाबा खरंच कसे आहेत? विचारलं नाही. आणि शेवटी निरोप पाठवला तोही खोटा. ते दोन दिवस दाराकडे बघत राहिले, हे तू लिहिलंस ते बरं केलंस. ते मला माहीत असायला हवं.

आता मला खरं लिही. ते कसे होते, काय खायचे, किती वेळ जागे असायचे, सगळं. मी टाकीमागे जाऊन एकटा वाचीन. घड्याळकाकांना माझा नमस्कार सांग आणि घंटा त्यांना परत दे.

तंबूला मी अजून सांगितलेलं नाही. आज सांगू, उद्या सांगू असं चाललंय. रोज सकाळी हजेरीच्या रांगेत कोणीतरी विचारतंच. आज आचाऱ्याने विचारलं, "काय रे ढब्बू, कुठवर पोचले बाबा?"

मी म्हणालो, "येतायत."

ढब्बू